एक शीट बाकी

त्या दुपारी गावात चारचाकी वाहनं नऊ होती.

तीन ट्रॅक्टर, दोनला ट्रॉली जोडलेली, तिसऱ्याची बॅटरी उतरलेली. एक पिकअप, हळदीची पोती भरून उभी. एक ट्रक, मागचं चाक काढून खाली दगड लावलेला. शाळेतल्या सरांची लाल कार. सर लग्नाला गेलेले, चावी त्यांच्या खिशात. शिवशंकररावांच्या दोन कार, एक जुनी आणि एक नवी.

आणि माझ्या मामाची काळी-पिवळी जीप.

मोटारसायकली मी मोजलेल्या नाहीत. छातीत कळ आलेल्या म्हाताऱ्या माणसाला मोटारसायकलवर बसवता येत नाही.

मी त्या दिवशी तिथे नव्हते. हे आकडे मी नंतर तीन माणसांना वेगवेगळं गाठून विचारले आणि जुळवले. मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं आहे. त्यामुळे जे ऐकलं ते ऐकलं म्हणूनच लिहीन, जे पाहिलं ते पाहिलं म्हणून. मोजलेलं शेवटी आहे. यातलं काहीही रचलेलं नाही. रचायचं असतं तर मी यात रात्र घातली असती.

यात रात्र कुठेच नाही. जे झालं ते उन्हात झालं.

गाव सेनगाव तालुक्यातलं आहे. नाव देत नाही, कारण तिथली माणसं अजून त्याच रस्त्याने जातात. गेल्या वर्षीचा मे महिना. सोमवार, सेनगावच्या गाडीची वेळ.

आधी जीपबद्दल सांगते.

देविदास मामाने ती वीस-बावीस वर्षं चालवली. गाव ते सेनगाव, सेनगाव ते गाव. आमच्याकडे जीपमधल्या प्रवाशाला 'शीट' म्हणतात. मागच्या दोन बाकांवर आठ शीट, मधे चार, पुढे मामाच्या डाव्या हाताला दोन. झाले चौदा.

पंधरावं शीट ड्रायव्हरच्या उजव्या हाताला.

म्हणजे ड्रायव्हर आणि दार यांच्या मधे. ज्यांनी अशा जीपमधून प्रवास केला आहे त्यांना हे सांगायला नको. ड्रायव्हर डावीकडे सरकतो, गिअरचा दांडा दोन पायांत घेतो, आणि उरलेल्या वीतभर जागेत एक माणूस अर्धा आत, अर्धा बाहेर बसतो. ती जागा सगळ्यात शेवटी भरते. ती भरली की गाडी सुटते. ती भरल्याशिवाय सुटत नाही.

त्या जागेवर नेहमी पुंजाजीकाका बसायचे. दुसऱ्या कुणाला तिथे बसणं जमायचंच नाही. काका फार किडकिडीत होते. एकदा मोंढ्यात हळदीच्या काट्यावर चढले, तर पंचेचाळीस किलो भरले. पोतं पन्नासचं.

"व्यापारी म्हणला, ह्याला उकडून वाळवून आणलाय का," असं ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे.

त्या बाजूच्या दाराची खिटी कधीच तुटली होती. रिकामं असलं की दार रस्ताभर खडखडायचं. काका बसले की गुडघ्याने दार दाबून धरायचे, मग वाजायचं नाही. आणि गाडी भरली की डावा हात आतच ठेवून उजवा हात बाहेर काढायचे आणि छतावर दोन थापा मारायचे.

धप. धप.

म्हणजे, सोड.

तर त्या सोमवारी पुंजाजीकाकांच्याच छातीत कळ आली.

सोजराबाई, त्यांची बायको, आधी शिवशंकररावांकडे गेली. नवी गाडी दारात कापडाखाली झाकून ठेवलेली होती. शिवशंकरराव वाईट माणूस नाही, हे मला सगळ्यांनी सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "सोजराबाई, नवी गाडी हाय. सीटवरची प्लास्टिकची पन्नीबी काढली न्हाई अजून. उलटी-बिलटी झाली तं वास जात न्हाई बघा."

"मंग जुनी?"

"जुनीचा इन्शुरन्स संपलाय. पोलिसानं धरलं तं?"

ट्रॅक्टरवाले म्हणाले, ट्रॉलीत हादरे बसतात, म्हातारं वाटेतच जायचं. पिकअपवाल्याला पोती उतरवायला माणसं नव्हती. सरकारी गाडीला फोन लावला, ती आधीच दुसरा पेशंट घेऊन निघाली होती. प्रत्येकाचं कारण बरोबर होतं. मी सगळी कारणं तपासली. एकही खोटं नव्हतं.

उरली जीप. पारापुढे उभी होती, भरत आली होती.

काकांना मधल्या सीटवर, खिडकीशी बसवलं. शेजारी सोजराबाई. ते दोघं धरून शीट झाले चौदा.

एक बाकी.

रोज ज्या जागेवर काका बसायचे, तीच जागा त्या दिवशी रिकामी होती.

मामा खाली उतरून उभा होता. "एक शीट, एक शीट" म्हणत होता. हे मला मामाने स्वतः सांगितलं. आतून काका एकदा म्हणाले, "देविदास... सोड की आता."

मामा म्हणाला, "एकच शीट, काका. आलंच."

किती वेळ गाडी थांबली, याचे तीन जणांनी तीन आकडे दिले. मी एकही धरला नाही. सोजराबाईने मला वेळ सांगितली नाही. ती म्हणाली, "दोनदा पाणी पाजलं, दोनदा गिळलं. तिसऱ्यांदा पाजलं तं हनुवटीवरून खाली आलं."

गाडीत आणखी बारा माणसं बसलेली होती. त्यातल्या एकानेही 'चला' म्हटलं नाही. प्रत्येकाला वाटलं, ड्रायव्हरला कळतं.

मग छतावर दोन थापा पडल्या.

धप. धप.

मामा चढला. गाडी सुटली. त्याच्या उजव्या दंडाला कुणाचं तरी अंग लागत होतं. त्याने पाहिलं नाही. वीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशी कशाला पाहील?

ओढ्याच्या वळणावर मागून सोजराबाईचा आवाज आला, "थांबवा आता. गेले ते. कामाचं न्हाई राहिलं."

मामाने ब्रेक दाबला आणि उजवीकडे बघितलं...

तिथे कुणी नव्हतं.

पंधरावं शीट आलंच नव्हतं. थापा कुणी मारल्या, हे मी प्रत्येकाला विचारलं. कुणीच मारल्या नव्हत्या.

इथपर्यंत ऐकलेलं. आता पाहिलेलं.

मामाने दिवाळीपर्यंत जीप चालवली. मग चावी मुलाच्या हातात दिली आणि घरी बसला. स्वप्निल माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, मला ताई म्हणतो. जानेवारीत मी मामाकडे जायला सेनगावला उतरले, तेव्हा स्टँडच्या बाहेर तोच जीप लावून उभा होता.

"ताई, पुढं बस," तो म्हणाला.

मी त्याच्या डाव्या हाताला बसले. पलीकडे खिडकीशी मुन्ना बसला होता, गावातला किराणा दुकानदार. गाडी भरेपर्यंत काम नाही म्हणून मागे गाड्यांच्याच गप्पा चालल्या होत्या. काळी-पिवळीत बसून माणसं नेहमी दुसऱ्या गाड्यांबद्दल बोलतात.

"घ्यायचीच तं डिझेलची घ्यावं," मागून कुणीतरी म्हणालं.

"दारातच उभी करायचीय तं काय डिझेल आन् काय पेट्रोल," मुन्ना म्हणाला. "आमच्या साडूची बघा. तीन वर्सं झाली, किलोमीटर किती, तं गावातल्या विहिरीवर जाऊन यावं एवढे. मागच्या काचंवर पोराचं नाव लिवलंय. पोरगं पुण्याला. नाव इथं उभं."

"पण इज्जत हाय ना भाऊ. दारात गाडी म्हणल्यावर सोयरीक येती."

"येती की. बसनं येती."

लोक हसले. मीही हसले. स्वप्निल हसला नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो जवळजवळ माझ्या मांडीवर आला होता. गिअरचा दांडा त्याच्या दोन पायांत. उजवीकडे त्याच्या आणि दाराच्या मधे मोकळं रेक्झिन दिसत होतं. मी बोटांनी अंदाज घेतला. एक वीत आणि चार बोटं.

"एवढा इकडे कशाला सरकलास? तिकडे जागा आहे की," मी म्हटलं.

"सवय," तो म्हणाला. मग हळू आवाजात, "तू मोजून राहिली का? मोज. किती शीट झाले?"

मी मागे वळून मोजले. चौदा.

तेवढ्यात बंटी नावाचा एक कॉलेजचा पोरगा पळत आला. स्वप्निल म्हणाला, "ये, इकडून बस." बंटी उजव्या दाराशी गेला. हात दारावर ठेवला. आणि सहज, अगदी भरलेल्या गाडीपुढून माणूस सरकतो तसा मागे सरकला.

"पुढं तं भरलंय," तो म्हणाला आणि मागच्या शिडीला जाऊन लटकला.

मी त्या रेक्झिनकडे बघितलं. त्यावर ऊन पडलं होतं. दुसरं काही नव्हतं.

"रोज असंच," स्वप्निल म्हणाला. "एकटा बंटी असता तं म्हणलो असतो चेष्टा करून राहिला."

मग...

धप. धप.

आवाज छताच्या उजव्या कडेवरून आला. मी लगेच आरशात पाहिलं. बंटीचे दोन्ही हात शिडीच्या गजावर होते.

स्वप्निलने गिअर टाकला.

मी स्वतःला समजावलं. तापलेला पत्रा सावलीत आला की आकसतो आणि वाजतो. पण गाडी सावलीत आली नव्हती. आणि पत्रा दोनदाच, सारख्या अंतराने का वाजेल?

पुढचा रस्ता तुम्हाला माहीत नसेल. त्याला रस्ता म्हणणं हा आमचा चांगुलपणा आहे. प्रत्येक खड्ड्यात काचा वाजत होत्या, मागची शिडी वाजत होती, कुणाची तरी दुधाची रिकामी किटली वाजत होती.

उजवं दार वाजत नव्हतं.

खिटी नसलेलं दार. मी सबंध रस्ताभर त्याचा आवाज यायची वाट बघत होते.

आला नाही.

घरी पोचले तर मामा बाजेवर बसला होता. अख्खी बाज रिकामी, आणि मामा डाव्या कडेला, अर्धा खाली लोंबकळत. उजव्या हाताला जागा सोडलेली. मी तिथे बसायला गेले.

मामी आशाबाई चुलीजवळून म्हणाली, "तिथं नको बसू बाई. तिकडं स्टूल घे."

मी स्टूल घेतलं.

मार्चमध्ये मामाला जिना चढताना दम लागायला लागला. हिंगोलीहून एक डॉक्टर महिन्यातून एकदा गावात येतात, त्यांनी छाती तपासली, ईसीजीची पट्टी काढली आणि मामीला बाहेर बोलावून सांगितलं, नांदेडला न्या, या आठवड्यात न्या, पुढच्या नाही.

मामा गाडीत बसायला तयार नव्हता. कोणत्याच गाडीत. दिवाळीपासून तो एकाही वाहनात बसला नव्हता, हे तोपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

या वेळी शिवशंकरराव स्वतः आला. गाडी दारात आणून लावली. मी आत डोकावले. सीटवर पन्नी अजून होती, कडांना पिवळी पडलेली.

"देविदास, एसी लावून झोपून जा," तो म्हणाला. "तुझ्या-माझ्यात काय हाय?"

"पन्नी फाटंल," मामा म्हणाला.

शिवशंकरराव गाडी घेऊन गेला.

मामी रडली. स्वप्निलने आवाज चढवला. "मरायचंय का बाबा तुमाला?" मामाने दोघांना बाहेर जायला सांगितलं आणि मला थांबवलं.

"पुनम, तू शिकलेली हायस. तुझ्यावर माझा भरोसा हाय."

"मग चल ना मामा."

"माझ्या गाडीनं त्येला नेलं न्हाई. तो बसूनच हाय अजून. त्येला तसाच उन्हात बसवून मी दुसऱ्याच्या गाडीत पाय पसरून नांदेडला जाऊ व्हय?"

"तिथे कुणी नाही, मामा. मी पाहिलंय."

"पाहून न्हाई कळत. म्याबी पाहिलं व्हतं." तो दम घ्यायला थांबला. "तू मोज. काट्यावर घाल जीप. शीट रिकामं निघालं तं मी येतो, आजच येतो. पन्नीवाल्या गाडीतबी बसतो."

"आणि नाही निघालं तर?"

"मंग तो आधी."

मी बाहेर आले. मामीने माझा हात धरला. "काहीबी सांग गं त्येला. रिकामं हाय म्हण. मोजायला कशाला जाती?"

आतून मामाचा आवाज आला, "काट्याची पावती आण. छापलेली."

वीस वर्षं ड्रायव्हर होता. त्याला काट्याची पावती वाचता येत होती.

त्याच दिवशी आम्ही निघालो, मी आणि स्वप्निल. सेनगावबाहेर जिनिंगजवळ वजनकाटा आहे. सकाळचे अकरा वाजले होते, सावली म्हणून कुठे नव्हती. काट्यावर धम्मानंद नावाचा माणूस होता, माझ्याच वयाचा.

"रिकाम्या जीपचं वजन कशाला? भंगारात देता का?"

"नाही," मी म्हटलं. "किमान किती किलोपर्यंत दाखवतो काटा?"

"पाच. पाचच्या खाली नाही कळत."

पंचेचाळीस किलो कळायला तेवढं मला पुरेसं होतं.

स्टेपनी काढली. जॅक, पान्ह्याची पिशवी, कॅरिअरवरची दोरी, सीटखालची पाण्याची कॅन, सगळं खाली ठेवलं. स्वप्निलला बाजूच्या पोत्यांच्या काट्यावर उभं केलं. चपलांसह पासष्ट किलो.

पहिलं वजन, जीप काट्यावर उभी, इंजिन बंद, आत कुणी नाही. एक हजार सहाशे चाळीस.

हे मी तीनदा घेतलं. तिन्ही वेळा तेच.

मग हिशेब सरळ होता. जीप एक हजार सहाशे चाळीस. स्वप्निल पासष्ट. स्वप्निलसकट जीप चालू होऊन काट्यावर आली की एक हजार सातशे पाच दिसायला हवेत. तेवढे दिसले की मामा नांदेडला.

स्वप्निलने गाडी खाली उतरवली, वळवून लांब नेली आणि पुन्हा काट्यासमोर आणून थांबवली. तिथून तो माझ्याकडे बघत होता. डावीकडे सरकलेला.

"मधोमध बस," मी ओरडून सांगितलं.

तो थोडा हलला. पुन्हा तिथेच.

"ताई, सरकता येत न्हाई."

इंजिन चालू होतं. जुन्या जीपचं इंजिन, सगळी गाडी थरथरत होती. मी उजव्या बाजूला उभी होते, दारापासून दोन हातांवर.

दार वाजत नव्हतं.

माझा फोन वाजायला लागला. मामीचा होता. उचलला तर तिकडून मामा बोलला. "मोजलं का?"

"मोजतेय, मामा."

"सोजराबाई बसलीय इथं. तिलाबी ऐकायचंय. फोन चालू ठेव."

मी फोन चालू ठेवला आणि स्वप्निलला हात केला.

तो निघाला नाही. समोर बघत बसला. कशाची तरी वाट बघत.

मग छतावर...

धप. धप.

खिडकीतून धम्मानंदने मान बाहेर काढली. "वरती कोण बसलंय? उतरायला सांगा त्यांना, वजन चुकेल."

वरती कुणी नव्हतं. फोनमध्ये कुणीतरी जोरात श्वास घेतला. मामा होता की सोजराबाई, मला सांगता येणार नाही.

जीप काट्यावर चढली. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. लाल आकडे आधी खालीवर झाले, मग थांबले.

धम्मानंदने आकडा वाचला. मी त्याला काटा शून्यावर आहे का ते तपासायला लावलं. जीप उतरवली. शून्य होतं. पुन्हा चढवली. पुन्हा उतरवली. पुन्हा चढवली.

"ताई, किती?" स्वप्निलने आतून विचारलं.

"किती?" फोनमधून मामाने विचारलं.

पावती छापून बाहेर आली.

तिन्ही वेळा, एक हजार सातशे पन्नास.